वीज ओली की कोरडी?

मी विजेचा खांब बोलतो आहे, आणि रागानं बोलतो आहे. मला माणसांची शिसारी आली आहे. गोड गोड ऐकायच्या आशेनं कोणी बसलं असेल तर त्यानं खुशाल उठून जावं.

गावाचं नाव घेत नाही. पातूर अन् बार्शीटाकळीच्या मधात कुठंतरी समजा. नाव घेतलं तर तिथले चार शहाणे लगेच म्हणतील, लाकडाच्या ओंडक्याला कसली आली अक्कल! अक्कल मलाही नव्हतीच बापा. ती उभ्या उभ्या आली.

जन्म माझा मेळघाटातला. सागवान मी, सरळसोट वाढलेला. मला तोडायला आले त्यांत एक म्हातारा कोरकू होता. कुऱ्हाड घालायच्या आधी त्यानं माझ्या बुंध्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटला आणि मग घाव घातला. मरण ते मरणच, पण त्यात अदब होती. पुढं शिकल्यासवरल्या माणसांचे खूप हात लागले मला. तेवढी अदब एकातही नव्हती.

परतवाड्याच्या लाकूडबाजारात माझी साल सोलली, पायाकडून डांबर फासलं, डोक्याशी आडवी पट्टी ठोकली आणि तिच्यावर चिनी मातीचे पांढरे कप बसवले. पारसला तेव्हा नुकतंच बिजलीघर सुरू झालं होतं आणि गावोगाव तारा ओढायची घाई उठली होती. एका ट्रकमध्ये माझ्यासारख्यांना एकमेकांवर रचून आणलं आणि सडकेच्या कडेला ढकलून दिलं.

खड्डे खणले, दोर बांधले आणि 'हैस्सा' म्हणत आम्हाला उभं केलं ते नाल्यापलीकडच्या बौद्धपुऱ्यातल्या माणसांनी. त्यांत देवमन नावाचा एक काटक गडी होता. अकोल्याच्या जिनिंगात काही वर्षं राबून आलेला, तिथल्या मशिनीत डाव्या हाताची दोन बोटं गमावून बसलेला. उरलेल्या बोटांनी त्यानं दोर असा धरला की मी तसूभर कलंडलो नाही. आमची रांग सडकेवरच्या ट्रान्सफॉर्मरपासून निघाली, बाजारातून, किसनरावाच्या पिठाच्या चक्कीवरून, बालाजीच्या देवळाला वळसा घालून नाल्याच्या काठाशी आली. त्या रांगेतला शेवटचा मी. माझ्यापाशी तार संपली. ज्यांनी आम्हाला उभं केलं त्यांच्या घरांत रॉकेलच्या चिमण्या होत्या तशाच राहिल्या.

दिवे लागले त्या संध्याकाळी माझी पूजा झाली. देवळाचे पुजारी उद्धवभट यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, बायांनी ओवाळलं. मी फुगलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच हळदकुंकवावर एकानं पानाची पिचकारी मारली. मग रोजच. उभी वस्तू दिसली की माणसाला थुंकावंसं का वाटतं, हे कोडं मला आजतागायत सुटलं नाही. कोणी म्हैस बांधली, कोणी चुन्याची बोटं पुसली, निवडणुकीत तर माझ्या अंगावर एकावर एक कागद डकवून मला पोथी करून टाकलं. कुत्री टांग वर करून जायची, ते मी मनावर घेतलं नाही. कुत्र्याला शास्त्र कळत नाही. शास्त्र कळणारे रात्री देवळातून भजन आटोपून निघायचे आणि तेही माझ्याच आडोशाला उभे राहायचे. छी!

पण ही घाण वरची होती. खरी घाण पुढं दिसली.

आता चक्कीचं ऐका, कारण सगळं भांडण त्या चक्कीवरून आहे. किसनरावाची चक्की आधी इंजनावर चालायची. वीज आल्याबरोबर त्यानं इंजन पातूरच्या कोणा बागाईतदाराला विकून टाकलं आणि मोटर बसवली. चक्कीत रिवाज एकच. गावातल्या बायांचं दळण आत, बौद्धपुऱ्यातल्या बायांचं बाहेर, पडवीच्या टोकाला. आधी गावाचं. मागून आलेल्या गावकरणीचंही आधी. सगळं आटोपून वेळ उरला तर यांचं. छप्पन साली यांनी दीक्षा घेतली, मेलेली ढोरं ओढायचं काम टाकून दिलं, आणि तेव्हापासून किसनरावाला यांच्यासाठी वेळ उरेनासाच झाला.

देवमनची बायको दुर्गाबाई. अंगानं बारीक, तोंडानं खणखणीत. एक दिवस ती सकाळपासून पडवीत बसली होती. दिवेलागणीला किसनरावानं मोटरीचा पट्टा उतरवला आणि म्हणाला, "झालं आता. उद्या या." ती ज्वारीचं टोपलं तसंच डोक्यावर घेऊन निघाली. सोबत शेजारची इंदूबाई होती. तिच्याही डोक्यावर तसंच टोपलं. माझ्यापाशी येऊन दुर्गाबाई थांबली.

"इंदू, आपलीच चक्की काहून नसावं वो?"

इंदूबाई हसली. "चक्कीले लाईट लागते माय. आपल्याकडं कुठं हाय?"

"मंग लाईट आनू," दुर्गाबाई म्हणाली आणि नाला उतरून गेली.

बोलून मोकळी होणारी बाई नव्हती ती. देवमन अकोल्याला गेला, जुन्या मालकाच्या पाया पडून एक पडीक मोटर आणि दगडांची जोडी घेऊन आला. नाल्याच्या पलीकडच्या काठावर, बरोबर माझ्यासमोर, त्यांनी मातीच्या भिंती उभारल्या, वर टिनं टाकली, आत बाबासाहेबांचा फोटो लावला आणि फोटोखाली चक्की बसवली. वीज नाही, पण चक्की तयार. दुर्गाबाई तिच्यावर गोधडी पांघरून ठेवायची आणि रोज सकाळी गोधडी काढून फडक्यानं पुसायची. मी पाहायचो. माझ्यापासून तिथपर्यंत तारेचा एक झोका, बस्स. मला वाटे, आज नाही तर उद्या तार टाकतीलच.

विजेसाठी त्यांनी केलेला अर्ज मंजूरही झाला. लाइनमन नत्थुजी शिडी अन् तारेचं भेंडोळं घेऊन आला. चढायच्या आधी पान खायला म्हणून समोरच्या ठेल्यावर गेला आणि तिथं घात झाला. ठेल्यावर चिंतामणराव वकील उभे होते. अकोल्याच्या कोर्टात वकिली, देवळाचे पंच, गावातले सगळ्यांत जास्त शिकलेले.

"काय रे नत्थुजी," त्यांनी सहज विचारलं, "वीज एका तारेनं जाते, मग ही दुसरी तार कशाला?"

"एकीनं जाते सायेब, दुसरीनं वापस येते."

"वापस येते?"

"येतेच ना. आल्याबिगर लट्टू कसा पेटंल?"

वकीलसाहेबांनी पान तोंडात घातलं नाही. हातात तसंच धरून ते देवळात गेले. म्हणजे नाल्यापलीकडच्या घराघरांतून फिरून आलेली वीज त्याच तारेनं वापस येणार आणि बालाजीच्या गाभाऱ्यातल्या दिव्यात शिरणार! उद्धवभटांनी हे ऐकलं आणि कानांवर हात ठेवले.

संध्याकाळी माझ्याच पायथ्याशी बैठक बसली. तुम्हाला आमच्याकडचा रिवाज सांगतो. कोरड्याला विटाळ नाही. धान्य, नारळ, सुपारी कोणाच्याही हातची घ्या, चालते. पाणी लागलं की संपलं. तेव्हा बैठकीपुढं प्रश्न एकच : वीज ओली की कोरडी? चांगली धोतरं नेसलेली, वर्तमानपत्रं वाचणारी माणसं या प्रश्नावर घसा कोरडा होईस्तोवर बोलत होती. मला हसू येत होतं, आणि थोड्या वेळानं ते यायचं थांबलं.

उद्धवभटांनी निकाल दिला. "पारसला काय करतात? पाणी उकळतात. त्या वाफेवर चाक फिरतं, त्यातून वीज होते. म्हणजे मूळ पाण्यात. आणि वाहते ती. ओलीच आहे."

"ओली असती महाराज, तं मी कवाचाच भिजून मेलो असतो," नत्थुजी शिडीवरून म्हणाला.

"तू तुझं काम कर!"

"काम तं तुमीच थांबवून राहिले." आणि तो शिडी खांद्यावर टाकून चालता झाला.

सगळ्यांत जास्त मान कोणी डोलावली असेल? किसनरावानं. समोरच्या काठावर दुसरी चक्की उभी राहिली होती ना! "देवाधर्माचा सवाल हाय," असं तो इतक्या कळवळ्यानं म्हणाला की बालाजीलाही खरं वाटलं असेल. अरे, मी त्या तारा अंगाखांद्यावर घेऊन उभा. ऊन, पाऊस, थंडी. मला कधी वीज ओली लागली नाही, कोरडी लागली नाही, ब्राह्मण लागली नाही की बौद्ध लागली नाही. पण खांबाला विचारतो कोण!

वकील मोठे हुशार. अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा आहे हे त्यांना कलमासकट पाठ. म्हणून हरकतीच्या अर्जात विटाळाचं नावही नव्हतं. लिहिलं काय, तर तार देवळाच्या कळसाजवळून जाते, लोकांच्या जिवाला धोका आहे. असं साफसूफ, सुवाच्य अक्षरात. थुंकणारा परवडला हो, निदान काय करतो ते तरी दिसतं.

काम अडलं ते अडलंच. पावसाळा गेला, उन्हाळा आला. दुर्गाबाईची गोधडी रोज उचलली जायची, रोज पांघरली जायची. एक दिवस तिनं वकिलांना माझ्यासमोरच गाठलं.

"वकीलसायेब, आमी निंदलेल्या वावरातली तूर तुमाले चालते. आमाले तार काहून चालत नाई?"

"बाई, प्रश्न सुरक्षिततेचा आहे."

"कोनाच्या?"

वकिलांनी घड्याळ पाहिलं आणि निघून गेले. दुर्गाबाई माझ्या बुंध्याला टेकून उभी राहिली. रडली नाही. दात आवळलेले होते तिचे, ते मला पाठीतून कळलं.

शेवटी वीज मंडळाचा वरचा एक साहेब आला. उन्हानं आणि तक्रारींनी पिकलेला. त्यानं दोन्हीकडचं ऐकलं, कपाळाला हात मारला. "वरून नको ना? मग खालून घ्या. अकोल्याच्या कामातली जमिनीत पुरायची केबल पडून आहे माझ्याकडं. थेट ट्रान्सफॉर्मरवरून, गावाला वळसा घालून. पण चर तुम्हाला खणावा लागेल." शेवटचं तो दुर्गाबाईकडं बघून म्हणाला.

गावात आनंदीआनंद. यांची वीज यांच्या वाटेनं जाईल, यांच्याच वाटेनं वापस येईल, तीही मातीखालून, कोणाच्या डोक्यावरून नाही. ट्रान्सफॉर्मर एकच आहे, तिथं वीज काय आपापली जात ओळखून वेगळी बसते का, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आणलं नाही म्हणा.

बौद्धपुरा खणायला लागला. बाया, माणसं, म्हातारेकोतारे. आमची काळी माती, उन्हाळ्यात दगड होऊन बसते. कुदळ मारली की ठिणगी उडायची. नाल्यात तर देवमन ऐकायलाच तयार नव्हता. साहेब म्हणाला कंबरभर पुरे, हा म्हणाला पूर आला तर उपटून नेईल. पुरुषभर खोल गेले, कडक मुरूम लागेपर्यंत. मला पहिल्यांदा वाटलं, आपण उगाच उंच आहोत.

आणि एका सकाळी समोरच्या काठावरून आवाज आला. टुक टुक टुक टुक. दुर्गाबाईनं गोधडी काढून घडी घातली आणि ती परत कधी पांघरली नाही. पहिलं दळण इंदूबाईचं. पीठ हातावर घेऊन ती नुसती बघत राहिली. चक्कीच्या दारावर दुर्गाबाईनं नेम सांगितला : जो आधी आला त्याचं आधी. आणि ज्याचं दळण त्यानंच रांगेत उभं राहायचं, नोकर-चाकर पाठवायचे नाहीत. इंदूबाईनं विचारलं, "आपल्यात नोकर हायत कोनाकडं वो?" दुर्गाबाई म्हणाली, "नाईत. पन नेम आधीच सांगून ठेवलेला बरा."

पुढची दोनेक वर्षं गावातलं एक माणूस त्या चक्कीकडं फिरकलं नाही.

मग तो भादवा आला. असं वावधान, असं वादळ मी मेळघाटातही पाहिलं नव्हतं. बाजारातला मोठा कडुनिंब मुळासकट आडवा झाला आणि माझ्या भाऊबंदांवर पडला. एकेक खांब मोडला, तारा रस्त्यावर लोळल्या. इकडं नाल्याला पूर. पाण्यानं माझ्या पायाखालची माती खाल्ली, मी हललो, कलंडलो आणि आडवा पडलो. माझं डोकं पलीकडच्या काठावर, पाय अलीकडं. नाल्यावरचा रपटा, तो बुटका पूल, तर पुरात वाहूनच गेला.

पूर ओसरला तेव्हा गाव अंधारात होतं. नत्थुजी येऊन पाहून गेला. "लोखंडी खांब आल्याबिगर काई होत नाई. आठ-दहा दिवस तं धरूनच चाला." सडकेवरचा ट्रान्सफॉर्मर मात्र शाबूत होता. त्याच्यातून निघालेली एकच तार जिवंत होती. मातीखालची.

टुक टुक टुक टुक.

आणि तीन दिवसांवर महालक्ष्म्या, म्हणजे तुमच्या गौरी! वऱ्हाडातली महालक्ष्मी म्हणजे काय ते परक्याला नाही कळायचं. घरोघर पुरणपोळ्यांचे ढीग, ज्वारीची आंबील, सोळा भाज्या. त्याला पीठ पाहिजे, तेही पायलीनं. किसनरावाची चक्की मुकी. इंजन विकलेलं. घरची जाती? मोटर आल्यापासून ती सगळी धुण्याचा दगड म्हणून कामाला लागली होती. वर्षानुवर्षं छिन्नीची टाकी न लावल्यानं गुळगुळीत झालेली. वकिलांच्या घरी त्यांच्या बायकोनं, गोदावरीबाईंनी, जातं मांडून पाहिलं म्हणे. गहू जसा टाकला तसाच बाहेर आला.

उद्धवभटांनी देवळाच्या पायरीवर उभं राहून नवा निकाल दिला. "धान्य कोरडं, पीठ कोरडं. विटाळ नाही. पीठ घरी आणल्यावरच पाणी लावायचं."

बघा! ओल्या विजेवर फिरणाऱ्या दगडातून निघालेलं पीठ कोरडं! गरज पडली की शास्त्राची गाठ कशी सैल होते ते मी आडवा पडल्या पडल्या ऐकत होतो.

मग सुरू झाली वरात, माझ्या पाठीवरून. दुसरा रस्ता दूरच्या पुलावरून, अर्ध्या दिवसाचा. आधी माळ्याच्या, कुणब्यांच्या बाया आल्या, टोपलं डोक्यावर, लुगडं खोचून, अनवाणी. त्या भराभर गेल्या, रांगेत लागल्या, पीठ घेऊन आल्या. देवमन मात्र बायकोवर चिडला होता.

"यायले शेवटी ठेव. पडवीच्या टोकाले बसव. समजू दे एकडाव."

"नाई," दुर्गाबाई म्हणाली. "नंबर म्हंजे नंबर. मी किसनराव व्हाले चक्की नाई टाकली."

महालक्ष्म्या जेवायच्या आदल्या दिवशी वकिलांचा गडी सहदेव दोन पोती घेऊन आला. एक गव्हाचं, एक ज्वारीचं. दुर्गाबाईनं विचारलं, "कोनाचं हाय?"

"माझंच हाय."

"तुह्या घरी गहू कवापासून पिकाले लागला रे सहदेव? ज्याचं हाय त्याले पाठव."

सहदेव वापस गेला. आणि दुपारी खुद्द चिंतामणराव वकील नाल्याच्या काठावर आले. धोतर गुडघ्यापर्यंत, पंपशू काढून काठावर ठेवलेले, खांद्यावर पोतं. सहदेवच्या खांद्यावर दुसरं होतं; तो ते आधी पलीकडं ठेवून माघारी पळाला. वकील एकटे माझ्या पाठीवर चढले. आयुष्यात खांद्यावर पोतं घेतलं नव्हतं त्यांनी. मधात आले आणि पाय घसरला. खाली अजून कंबरभर पाणी, घों घों करत होतं. पलीकडून देवमन धावत आला आणि त्यानं हात पुढं केला. तोच, बोटं तुटलेला. चिखलानं, पाण्यानं ओला.

वकिलांनी तो हात पाहिला. मी शपथेवर सांगतो, पडता पडता त्या माणसानं विचार केला. जीव जात होता आणि ते ओलं-कोरडं पाहत होते! मग पकडला. देवमननं पोत्यासकट ओढून काठावर घेतलं.

वकील रांगेत उभे राहिले. पुढं इंदूबाई, मागं कुणब्याची सून. नंबर आला, दळून झालं. दुर्गाबाईनं पीठ नीट बांधून दिलं, एवढंच म्हणाली, "पोतं गरम हाय सायेब, जपून न्या." दोन खेपांत वकिलांनी पोती अलीकडं आणली.

आता सरळ घरी जावं की नाही? नाही! सणाचं घर. बौद्धाचा ओला हात धरलेला. वकिलांनी इकडं तिकडं पाहिलं, कोणी नाही अशी खात्री केली, पोती माझ्या पायाशी ठेवली आणि अंगावरच्या कपड्यांसकट नाल्यात उतरून तीन बुड्या मारल्या. शुद्ध झाले! मग ठिबकत ठिबकत वर आले, आणि गव्हाच्या पिठाचं पोतं त्याच ओल्या खांद्यावर घेतलं. दुसरं ओल्या काखेत मारलं.

देवळाच्या ओट्यावर उद्धवभट होतेच. पोत्यातून पिठाचा लगदा ओघळत होता.

"अहो वकीलसाहेब, पाणी लागलं!"

"मीच लावलं की. शुद्ध होतो मी!"

"पण त्यांच्या हद्दीतलं पीठ, नाल्याचं पाणी, अन् वाटेतच लागलं. घरी लावायचं होतं. बाटलं हे."

वकील पोत्याकडं पाहत राहिले. आख्ख्या अकोल्याच्या कोर्टाला गप्प बसवणारा माणूस, धोतरावरचा लगदा निपटत उभा. ते पीठ शेवटी सहदेवच्या म्हशीनं खाल्लं.

ऊन उतरलं तेव्हा गोदावरीबाई आल्या. एकट्या. नऊवारी खोचलेली, डोक्यावर धान्याचं टोपलं, कपाळावर घाम. वकील मागून येत होते, "अगं, लोक काय म्हणतील," करत. त्या वळल्या.

"उद्या महालक्ष्म्या माझ्या घरी उपाशी बसल्या तर लोक काय म्हणतील? तुमचं ओलं अन् कोरडं तुमच्यापाशी ठेवा. इतकी वर्षं ऐकलं. पुरे."

आणि चपला हातात घेऊन त्या माझ्यावरून चालत गेल्या. एकदाही डगमगल्या नाहीत. मी जेवढा स्थिर राहता येईल तेवढा राहिलो.

"बाई, तुमचा नेम मला ठाऊक आहे," त्या चक्कीच्या दारात म्हणाल्या. "हे दळण माझं आहे. मघाशी ते आले ते उगाच आले."

दुर्गाबाईनं वर पाहिलं. "मंग राहा उभ्या. आता ज्वारी चालून राहिली. मधात गहू घेतला तं दोघींचंबी भेसळ होईन. ज्वारीवाल्या होऊ द्या."

"होऊ द्या." त्या उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुम्हाला किसनरावाकडं असंच उभं राहावं लागायचं?"

"नाई," दुर्गाबाई म्हणाली. "आमाले बसवून ठेवत."

गोदावरीबाई नंबर येईपर्यंत उभ्याच राहिल्या. पीठ घेऊन गेल्या, आणि परतताना नाल्यात उतरल्या नाहीत.

पुढं लोखंडी खांब आले, गावात उजेड आला, रपटा बांधला. किसनरावाची चक्की सुरू झाली आणि गाव निमूट तिकडं गेलं. आता कोणालाही विचारा, "नाल्यापलीकडं? आमी? कवा?" असं म्हणतात. वकिलांनी गावालाही भुयारी तार मिळावी म्हणून अर्ज केला आहे असं ऐकतो. सुवाच्य अक्षरातच केला असेल.

मला कोणी नेईना. सागवान चांगलं म्हणून देवळाच्या चौकटीला घ्यावं असं सुतार म्हणाला, तर उद्धवभट म्हणाले, सगळ्यांचे पाय लागलेत. मग देवमननं मला ओढत नेलं, करवतीनं कापलं, दगडांवर ठेवलं आणि चक्कीसमोर दळणाला आलेल्या बायांसाठी बाक केला. म्हणजे मी आता बसायच्या कामाचा आहे. माझं मागणं काही नाही. एवढंच की त्या भादव्यात माझ्या पाठीवरून कोण कोण गेलं, ते गाव नाकबूल करील तेव्हा गावावर विश्वास ठेवू नका.

गोदावरीबाई मात्र येतात. किसनरावाकडं पीठ जाड येतं म्हणे. काल आल्या तेव्हा बाक भरला होता. इंदूबाई म्हणाली, "सरका वो जरा," आणि बाया सरकल्या. त्या मधात बसल्या. तेवढ्यात रपट्याच्या पलीकडून वकिलांनी हाक मारली. या काठावर ते येत नाहीत.

"अगं, चल लवकर. मला कोर्टात जायचं आहे."

गोदावरीबाई उठल्या नाहीत. टोपलं मांडीवर नीट घेतलं आणि तिथूनच म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं. माझा नंबर यायचाय अजून."